मृगातील अभ्रिका, पुण्याची वेधशाळा आणि ताऱ्याचा गाभा

इ. स. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात पुण्याहून गेलेले एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक होते कावसजी दादाभाई नायगमवाला. विषय होता मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात दिसणारी मुख्य रेषा. टिपण लहान, विषय वरवर पाहता अत्यंत मर्यादित. एक हिरवट रेषा रेखीव आहे की एका बाजूस पसरलेली आहे, एवढाच काय तो प्रश्न. परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर तारे कशापासून जन्मतात या फार मोठ्या वादाचा एक पक्ष अवलंबून होता. त्या वादाचे पुढे काय झाले, आणि त्याच मृग नक्षत्राकडे पाहता पाहता आजचे ज्योतिर्विद वायूच्या तंतूंपर्यंत व त्यांतील गाभ्यांपर्यंत कसे येऊन पोहोचले, याचा संक्षिप्त इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे या इतिहासातील नावांकडे तो विशेष लक्ष देणार आहे. ही नावे केवळ सोयीची लेबले नव्हेत. त्यांनी काही वेळा संशोधनास वाट दाखविली, तर काही वेळा ती अडविली, असे दिसून येते.

(१)

मृग नक्षत्र महाराष्ट्रातील खेडूतासही परिचित आहे. चार कोपऱ्यांचे चार तारे हे मृगाचे पाय, मधल्या सरळ रेषेतील तीन तारे हा त्याच्या अंगात रुतलेला बाण, आणि मागे आग्नेयेस चमकणारा तेजस्वी तारा म्हणजे तो बाण सोडणारा व्याध, अशी ही आकृती आहे. हिवाळ्याच्या रात्री वाशी-बेलापूरच्या दिव्यांच्या उजेडातही बाणाचे तीन तारे ओळखू येतात. त्यांच्या खाली मंद ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ आहे. अंधाऱ्या जागेवरून पाहिल्यास या ओळीतील मधला ठिपका इतर ताऱ्यांसारखा टोकदार न दिसता धुरकट दिसतो. हीच मृगातील अभ्रिका होय. आपणांपासून तिचे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात या एकाच नक्षत्राकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले जात होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाचे अवशेष वैदिक वाङ्मयात सापडतात, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये बाहेर पडला. ही शब्दांची, ग्रंथांची व परंपरेची वाट. त्याच शहरात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, नायगमवाला वर्णपटदर्शकातून त्याच नक्षत्रातील प्रकाशाचे पृथक्करण करीत होते. ही पदार्थाची वाट. दोन्ही वाटा एकमेकींना भेटल्या असे म्हणण्यास आधार नाही. परंतु एका शहराने एकाच दशकात एका नक्षत्रास दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारावेत, हे त्या काळाच्या बौद्धिक जोमाचे लक्षण मानावयास हरकत नाही.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञानाचे अध्यापन केल्यानंतर ते पुण्यास आले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्याने येथे जी वेधशाळा उभी राहिली तिला महाराजांचेच नाव देण्यात आले. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य उपकरण होते. पुढे २० इंची म्हणून प्रसिद्धीस आलेली ही दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी गणली जात असे. ग्रहांची स्थाने मोजून पंचांग शुद्ध करणे हे या वेधशाळेचे उद्दिष्ट नव्हते. ताऱ्यांचा व सूर्याचा प्रकाश पृथक् करून त्यांची घटना जाणणे, म्हणजेच ज्यास आज खगोलभौतिकी म्हणतात ते शास्त्र, हे तिचे क्षेत्र होते. या दृष्टीने ती या देशातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक होय.

(२)

आता त्या रेषेकडे वळू. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदाने एका अभ्रिकेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याप्रमाणे सलग रंगपट्टा दिसण्याऐवजी त्यास काही मोजक्या तेजस्वी रेषा तेवढ्या दिसल्या. यावरून काही अभ्रिका म्हणजे दूर असल्यामुळे धुरकट दिसणारे ताऱ्यांचे पुंज नसून खरोखरच वायूचे मेघ आहेत, हे सिद्ध झाले. या रेषांपैकी एक हायड्रोजनची होती. परंतु सर्वांत तेजस्वी अशी जी हिरवट रेषा, ती मात्र पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या रेषेशी जुळेना.

पुढे नॉर्मन लॉकियर यांनी आपली उल्कावादी उपपत्ती मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अभ्रिका म्हणजे उल्कांचे विरळ थवे होत. उल्का एकमेकींवर आदळून तापतात, त्यांतील पदार्थाची वाफ होते आणि ती चमकते. हे थवे आकुंचन पावत गेले की त्यांतून तारे निर्माण होतात. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असते; म्हणून अभ्रिकेतील ती मुख्य रेषा म्हणजे जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात दिसणाऱ्या एका पट्ट्याची उरलेली कड आहे, असे त्यांनी ठरविले. हा पट्टा एका बाजूस तीव्र असून दुसऱ्या बाजूस हळूहळू विरत जातो. तेव्हा लॉकियर यांचे मत बरोबर असेल, तर अभ्रिकेतील रेषाही एका बाजूस किंचित विरलेली दिसावयास हवी. हगिन्स यांना हे मुळीच मान्य नव्हते. वाद विकोपास गेला. ताऱ्याचे मूळ घन कणांच्या थव्यात की विरळ वायूत, एवढा मोठा प्रश्न एका रेषेच्या कडेवर येऊन ठेपला.

नायगमवाला यांच्या टिपणाचे महत्त्व येथे आहे. पुण्याहून घेतलेल्या वेधांत ती रेषा त्यांना सर्व परिस्थितींत रेखीवच दिसली. पट्ट्याच्या कडेप्रमाणे ती पसरलेली आढळली नाही. अमेरिकेतील लिक वेधशाळेत कीलर यांनी केलेल्या काटेकोर मोजणीनेही मॅग्नेशियमचा पक्ष दुर्बळ ठरला. अर्थात केवळ पुण्याच्या वेधांनी वादाचा निकाल लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु निकालाकडे नेणाऱ्या मोजक्या साक्षींपैकी एक साक्ष पुण्याची होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

मग ती रेषा होती तरी कशाची? मॅग्नेशियम नव्हे आणि दुसरे कोणतेही ज्ञात मूलद्रव्य नव्हे, म्हणून ज्योतिर्विदांनी एक नवेच मूलद्रव्य कल्पिले व त्यास ‘नेब्युलियम’ असे नाव दिले. सूर्याच्या वर्णपटात प्रथम सापडलेले हेलियम पुढे पृथ्वीवर मिळाले होते. तसेच हेही मिळेल अशी आशा होती. ती फलद्रूप झाली नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे. नेहमीच्या दाबाच्या वायूत ही रेषा उमटू शकत नाही. कारण अणू ती ऊर्जा सावकाश बाहेर टाकण्यापूर्वीच दुसऱ्या कणाशी त्याची टक्कर होते. समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये रेणूंची संख्या पंचवीसावर अठरा शून्ये इतकी असते. मृगातील अभ्रिकेत हीच संख्या काही हजारांच्या घरात आहे. एवढ्या विरळ वायूतच तो अणू निवांतपणे प्रकाश देऊ शकतो. म्हणजे ज्या रेषेस उल्कांचा पुरावा मानले गेले होते, तीच अखेर वायूच्या पराकाष्ठेच्या विरळपणाचा पुरावा ठरली. ‘नेब्युलियम’ हा शब्द कोशात उरला, पदार्थ मात्र नाहीसा झाला.

(३)

येथे नावांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. लॅटिन ‘नेब्युला’ म्हणजे धुके. संस्कृत ‘नभस्’ हा शब्द त्याचाच सगोत्र आहे. त्याचा मूळ अर्थ मेघ, वाफ, धुके असा असून आकाश हा अर्थ त्यास मागाहून आला. मराठीत या वस्तूस ‘तेजोमेघ’ व ‘अभ्रिका’ असे दोन शब्द रूढ आहेत. हिंदीत ‘नीहारिका’ हा शब्द चालतो व तोही धुक्यावरूनच आला आहे. ‘तेजोमेघ’ हा शब्द ऐकावयास भारदस्त असला तरी त्यात एक अडचण आहे. या जातीचे बहुसंख्य मेघ तेजस्वी नसतात. ते काळे असतात, आणि तारे जन्मतात ते त्या काळ्या भागात. म्हणून ‘अभ्रिका’ हाच शब्द अधिक सोयीचा वाटतो. कारण अभ्र उजळही असते आणि काळेही असते.

काळ्या अभ्रिकांच्या नावाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. विल्यम हर्शेल यांना अठराव्या शतकात आकाशगंगेत काही ठिकाणी ताऱ्यांचा संपूर्ण अभाव दिसला आणि ती आकाशातील छिद्रे असावीत असे त्यांना वाटले. शंभर वर्षांहून अधिक काळ ही कल्पना टिकून राहिली. अमेरिकन ज्योतिर्विद एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी आकाशगंगेची दीर्घकाळ छायाचित्रे घेतली, तेव्हा वृषभ राशीत त्यांना लांबच लांब काळ्या पट्ट्या आढळल्या. आरंभी त्यांचाही कल छिद्रांकडेच होता. परंतु पुढे, मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडविणारे काहीतरी द्रव्य तेथे आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या वस्तूंची सूची प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १९०४ मध्ये हार्टमान यांना एका ताऱ्याच्या वर्णपटात ताऱ्याबरोबर न हलणारी कॅल्शियमची रेषा सापडली होती. ती ताऱ्यातील नसून वाटेवरील वायूची असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा तारा मृगाच्या बाणातील तिघांपैकी एक होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९३० मध्ये ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधील धुळीमुळे प्रकाश क्षीण होतो हे मोजून दाखविले. तेव्हापासून ‘छिद्र’ हा शब्द शास्त्रातून हद्दपार झाला.

बर्नार्ड यांच्या छायाचित्रांत एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून होती, जिच्याकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. ते काळे मेघ गोल नव्हते. ते लांबट, दोऱ्यासारखे होते.

(४)

लक्ष न जाण्याचे कारण गणितात सापडते. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये वायूचा मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने केव्हा कोसळतो याचे गणित मांडले. वायूचा दाब त्यास पसरवू पाहतो, गुरुत्वाकर्षण त्यास आवळू पाहते. वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले की गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. हा विचार योग्यच होता. परंतु तो गोल मेघाच्या चित्रावर आधारलेला असल्याने पुढील कित्येक दशके तारकाजन्माचा विचार गोलाच्या चौकटीतच होत राहिला. १९४७ मध्ये बार्ट बॉक यांनी लक्ष वेधलेले लहान, काळे, वाटोळे मेघ याच चित्रात चपखल बसले.

दंडगोलाकार मेघाचा विचार निराळा आहे. १९५३ मध्ये चंद्रशेखर व फर्मी यांनी अतिदीर्घ वायुदंडाच्या स्थैर्याचे गणित चुंबकीय क्षेत्रासह केले. १९६४ मध्ये ऑस्ट्रायकर यांनी सर्वत्र समान तपमान असलेल्या दंडगोलाच्या समतोलाचे स्वरूप स्पष्ट केले. या गणिताचा गाभा साध्या शब्दांत सांगता येण्याजोगा आहे. असा दंडगोल बारीक होत गेला तर त्याचे गुरुत्वाकर्षण वाढते. परंतु वायूचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. तराजूची दोन्ही पारडी बरोबरीने खालीवर होतात. म्हणून जाडी किती आहे यावर निकाल अवलंबून राहत नाही. दर एकक लांबीत किती वस्तुमान आहे यावरच तो अवलंबून राहतो. काळ्या मेघांचे तपमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १० अंश असते. या तपमानास ही क्रांतिक मर्यादा दर पार्सेकला सूर्याच्या सुमारे १६ पट वस्तुमान, म्हणजे दर प्रकाशवर्षाला सूर्याच्या सुमारे पाचपट वस्तुमान, इतकी येते. याहून कमी वस्तुमान असलेला दंड दाबाच्या बळावर तग धरू शकतो. याहून अधिक असेल तर तो अक्षाकडे कोसळू लागतो व त्याचे तुकडे पडतात.

तुकडे पडण्याची क्रिया समजण्यासाठी घरातील नळाकडे पाहावे. बारीक सोडलेली पाण्याची धार काही अंतरानंतर सलग राहत नाही. तिचे थेंब होतात. तेथे पृष्ठताण हे कारण असते, मेघात गुरुत्वाकर्षण हे कारण असते. मात्र लांब व सडपातळ वस्तू सलग राहण्यापेक्षा मण्यांत विभागणे पसंत करते, एवढे साम्य दोहोंत आहे. समतोलाच्या सीमेवरील वायुदंडात या मण्यांमधील अंतर दंडाच्या व्यासाच्या साधारण चौपट असावे, असे गणित सांगते. प्रत्यक्ष आकाशात हे अंतर इतके नियमित क्वचितच आढळते. कारण खरा तंतू वाकडातिकडा असतो, त्यात प्रवाह असतात आणि चुंबकीय क्षेत्रही असते.

गणित तयार होते; उणीव होती ती मेघाच्या आत पाहण्याच्या साधनाची. मेघातील मुख्य द्रव्य असलेला हायड्रोजनचा रेणू एवढ्या थंडीत जवळजवळ काहीच प्रारण देत नाही. १९७० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नवी मुंबई उभारण्यासाठी सिडकोची स्थापना झाली त्या वर्षी, विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियास यांना कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेषा सापडली. आणि ती सापडली ती मृगातील अभ्रिकेच्याच दिशेने. या रेषेने काळ्या मेघांची दारे उघडली. १९८७ मध्ये बॅली व त्यांचे सहकारी यांनी मृगातील त्या तेजस्वी अभ्रिकेमागे असलेल्या विशाल मेघाचा नकाशा तयार केला. त्यात समाकलनाच्या चिन्हासारखा, दोन्ही टोकांशी किंचित वळलेला असा एक दीर्घ तंतू दिसून आला. ज्या उजळ भागाकडे नायगमवाला यांनी आपली दुर्बीण वळविली होती, तो या काळ्या तंतूच्या मध्याजवळचा, नव्या उष्ण ताऱ्यांनी पेटविलेला केवळ दर्शनी भाग होता. तारे घडविणारा मूळ पदार्थ त्याच्या मागे, अंधारात होता.

(५)

तंतूंचे सार्वत्रिक महत्त्व सिद्ध झाले ते युरोपच्या हर्शेल अवकाश वेधशाळेमुळे. १४ मे २००९ रोजी प्रक्षेपित झालेल्या या वेधशाळेचा आरसा ३.५ मीटर व्यासाचा होता. उपकरणे थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम एप्रिल २०१३ मध्ये संपेपर्यंत तिने दीर्घ अवरक्त प्रकाशात आकाशगंगेतील मेघांचे निरीक्षण केले. जवळच्या मेघांच्या तिने पाठविलेल्या चित्रांत सर्वत्र तंतूंचे जाळे दिसले. ज्या मेघांत तारे घडत नव्हते त्यांतही तंतू होते. याचा अर्थ असा, की तंतू आधी होतात आणि तारे मागाहून.

यावरून तारकाजन्माच्या दोन पायऱ्या मानल्या जाऊ लागल्या. पहिल्या पायरीत मेघातील ध्वनीहून अधिक वेगाचे विस्कळीत प्रवाह एकमेकांवर आदळतात, वायू दाबला जाऊन त्याचे पडदे व तंतू बनतात, आणि चुंबकीय क्षेत्र या हालचालीस दिशा देते. दुसऱ्या पायरीत ज्या तंतूंचे वस्तुमान क्रांतिक मर्यादेपलीकडे गेलेले असते, ते गुरुत्वाकर्षणाने विभागून त्यांत घट्ट गाभे तयार होतात. जवळच्या मेघांत तारा होऊ घातलेल्या अशा गाभ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गाभे घन तंतूंवरच आढळले. गाभ्याचा विस्तार साधारणपणे पार्सेकच्या एक दशांशाइतका, म्हणजे एका प्रकाशवर्षाच्या तृतीयांशाइतका असतो. त्यात एका घन सेंटीमीटरमध्ये दहा हजारांहून अधिक रेणू असतात. दाबाचा आधार सुटल्यास असा गाभा तीन-चार लाख वर्षांत कोसळू शकतो. ताऱ्याच्या आयुर्मानाच्या तुलनेत हा काळ एखाद्या क्षणाएवढाच होय.

या विचाराने आणखी एका जुन्या कोड्यावर प्रकाश पडतो. आकाशगंगेत रेण्वीय वायू सूर्याच्या सुमारे शंभर कोटी पट आहे. हा सर्व वायू केवळ गुरुत्वाकर्षणाच्या वेगाने कोसळता, तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे निर्माण व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचेच तारे बनतात. मेघातील फारच थोडा वायू क्रांतिक मर्यादा ओलांडलेल्या तंतूंत जमा होतो, हे या कृपणतेचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. आणि ही कृपणता आहे म्हणूनच कोट्यवधी वर्षांनंतरही आकाशगंगेत नवे तारे घडविण्यास वायू शिल्लक आहे.

‘गाभा’ हा शब्द येथे किती समर्पक आहे हे सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृत ‘गर्भ’, प्राकृत ‘गब्भ’, मराठी ‘गाभा’ अशी याची वाटचाल आहे. केळीचा गाभा, देवळाचा गाभारा व गाभण गाय ही सर्व एकाच शब्दाची लेकरे होत. ज्या ठिकाणी तारा आकारास येतो त्या जागेस मराठीत नवा शब्द घडविण्याची गरजच पडली नाही. भाषेने तो आधीच जपून ठेवला होता.

(६)

‘तंतू’ या शब्दाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे या धातूपासून हा शब्द आला आहे. तो वस्तूचे रूप सांगतो, घटना सांगत नाही. आकाश आपणांस सपाट पडद्यासारखे दिसते. त्यामुळे कडेने पाहिलेला पातळ पडदाही दोऱ्यासारखाच भासू शकतो. दक्षिणेकडील मक्षिका तारकासमूहातील एक सरळ, सडपातळ मेघ तंतूचा आदर्श नमुना मानला जात असे. परंतु २०१८ मध्ये त्रित्सिस व तासिस यांनी त्यातील लहरींच्या अभ्यासावरून तो वस्तुतः पडदा असून आपणांस कडेने दिसतो, असे मत मांडले. इतर संशोधकांस ते मान्य नाही. तसाच वाद तंतूंच्या जाडीविषयी आहे. हर्शेलच्या चित्रांत निरनिराळ्या मेघांतील तंतूंची जाडी जवळपास सारखीच, म्हणजे पार्सेकच्या सुमारे एक दशांशाइतकी आढळली. असे का असावे याची कारणे शोधली जाऊ लागली. परंतु मोजणीच्या पद्धतीमुळे व मेघांच्या अंतरांमुळे ही समानता भासते की काय, अशी शंका काही अभ्यासकांनी उपस्थित केली आहे. वृषभातील एका दीर्घ तंतूत वायूच्या गतीचा अभ्यास करता तो एक दोरा नसून अनेक बारीक धाग्यांची वळलेली दोरी आहे, असेही २०१३ मध्ये दिसून आले.

या सर्व इतिहासात एक सूत्र आढळते. धुके, छिद्र, नेब्युलियम, तंतू ही नावे प्रथम डोळ्यांना जे दिसले त्यावरून पडली. त्यांपैकी ‘छिद्र’ खोटे ठरले, ‘नेब्युलियम’ रिकामे ठरले, ‘अभ्रिका’ अर्थ बदलून टिकली, आणि ‘तंतू’ अद्याप कसोटीवर आहे. नावाने प्रश्न सुटत नाही. तो केवळ उचलून धरता येण्याजोगा होतो. तो सोडवितो तो काटेकोर वेध.

(७)

आणि वेधासाठी वेधशाळा जिवंत असावी लागते. पुण्याच्या वेधशाळेचा उत्तरकाल या बाबतीत विचार करावयास लावणारा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मोठी तयारी करून घेतले. परंतु वेधशाळेचे सारे कार्य एका व्यक्तीवर उभे होते. विद्यार्थ्यांची परंपरा निर्माण झाली नाही. १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, त्याबरोबर सरकारने वेधशाळा बंद केली व उपकरणे कोडाईकनालला पाठविली. देशातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यातून गेली. आणि तिच्याबरोबर मराठी मुलखातील एक संपूर्ण शास्त्रशाखाच जणू गाशा गुंडाळून निघून गेली.

हा खंड भरून येण्यास तीन तपांहून अधिक काळ लागला. १९४५ मध्ये होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या अवरक्त ज्योतिषशास्त्राच्या गटाने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैद्राबादहून मोठ्या फुग्यांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवून तारे जन्मत असलेल्या मेघांचे दीर्घ अवरक्त प्रकाशात नकाशे केले. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने याच दुर्बिणीवर आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषा टिपणारे उपकरणही बसविण्यात आले. १८९१ मध्ये प्राणवायूच्या एका रेषेपासून सुरू झालेले काम अशा रीतीने कार्बनच्या रेषेपर्यंत आले, असे म्हणता येईल. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण थंड रेणूंच्या मिलिमीटर तरंगांसाठी बनलेली नाही. परंतु नव्या उष्ण ताऱ्यांनी पेटविलेला आयनीभूत वायू धुळीच्या आड असला तरी तिला दिसतो. पुण्यातच १९८८ मध्ये आयुका ही आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली. नावातच म्हटल्याप्रमाणे ती एका व्यक्तीची वा एका महाविद्यालयाची नसून सर्व विद्यापीठांची आहे. १९१२ च्या अनुभवानंतर या शब्दाचे मोल विशेष जाणवते.

मेघात वायू विपुल असतो. परंतु तो तंतूत एकवटून दर एकक लांबीमागील वस्तुमानाची मर्यादा ओलांडीपर्यंत त्यातून तारा निपजत नाही. विद्येच्या क्षेत्रासही हा नियम थोडाफार लागू करावयास हरकत नसावी. एकट्या नायगमवाला यांच्याजवळ बुद्धी, चिकाटी आणि उत्तम दुर्बीण ही सर्व सामग्री होती. उणीव होती ती परंपरेच्या धाग्याची. आज तो धागा महाराष्ट्रात आहे. या विषयावरील लेखन मराठीत मात्र अद्याप तुरळकच आढळते. अभ्रिका, तंतू, गाभा हे शब्द आपल्याजवळ आहेत, आणि ज्या नक्षत्रात हे सर्व प्रथम दिसले ते नक्षत्र तर आपल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहे. त्या शब्दांतून सलग, शास्त्रशुद्ध वाङ्मय निर्माण करणे हे काम विज्ञानाच्या व भाषेच्या अभ्यासकांनी मिळून करावयाचे आहे.